सोळाच्या अलीकडे

भाजीबाजारात निता मेथीची जुडी हातात घेऊन देठ मोडून पाहत होती, तेवढ्यात तराजूपलीकडची बाई मान खाली घालूनच म्हणाली, "मॅडम, माह्या राखीची जल्माची तारीख तुमीच लिवली होती नं?" निताच्या हातातला देठ तसाच राहिला. तेहतीस वर्षांच्या शिक्षिकेच्या नोकरीत किती राख्या येऊन गेल्या होत्या, कोणाकोणाच्या तारखा लिहिल्या होत्या. "कोणती राखी?" तिने विचारलं. बाईने आता वर पाहिलं. "उकंडरावची. किन्हीराजाच्या पुढची वस्ती, दोन खोल्यांची शाळा. मी रंगूबाई, तिची माय. आता वाशीमच्या कडेले मळा करतो आमी." मग तिने ओठ आवळले. "जावयाले मारलं पोरीनं. मेला तो. पेपरात आलतं." मागून एक गिऱ्हाईक आलं तसा रंगूबाईचा आवाज एकदम बदलला, ताजी हाय, सकाळचीच हाय, घ्या, असं ती मोकळ्या गळ्याने म्हणाली, आणि गिऱ्हाईक वळल्यावर आवाज पुन्हा खाली उतरला. "वकील सायेब म्हनते, तारखीवरच हाय सारं. सोळाच्या आत असली तं लेकरू, नाई तं बाई. ते तारीख खरी नाई, मॅडम. तुमाले ठाऊक हाय."

निता तशीच वळून चालू लागली. पाटणी चौकापर्यंत आल्यावर तिच्या लक्षात आलं की पिशवी तिथेच राहिली. परत जायची हिंमत झाली नाही. पेपरातली बातमी तिने वाचली होती, चांगली आठवत होती. अल्पवयीनांची नावं छापत नाहीत, म्हणून तिथे नुसतं 'सोळा वर्षीय बालिका' असं होतं. नागपंचमीला माहेरी आलेल्या बहिणीला न्यायला तिचा नवरा दारू पिऊन आला, बहिणीला केसाला धरून मळ्यातून ओढत नेत होता, आणि या मुलीने मोटारीच्या पाईपाचा पाना त्याच्या डोक्यात घातला. एकदा नाही, दोनदा. अकोल्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो गेला. निताने चहा पिता पिता ती बातमी नवऱ्याला वाचून दाखवली होती आणि म्हणाली होती, "कशा पोरी झाल्या आजकालच्या, भीतीच नाही." ते वाक्य आता तिला चौकातल्या ऑटोंच्या गलक्यातही स्पष्ट ऐकू येत होतं, आपल्याच आवाजात, चहाच्या वाफेसकट.

जून दोन हजार पंधरा. वस्तीवरच्या शाळेच्या पत्र्याखाली सकाळी नऊलाच अंगाची लाही होत होती. पटावर एकोणीस मुलं होती आणि वरून वीसच्या खालच्या शाळांची यादी मागवली होती. यादीत नाव गेलं की शाळा बंद, शिक्षक अतिरिक्त, आणि अतिरिक्त शिक्षकाला जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला टाकतील याचा नेम नव्हता. तिची राधिका तेव्हा वाशीमला दहावीत होती. निता तीन दिवस वस्तीवर घरोघर फिरली. उकंडरावच्या दारात संस्कृती, थोरली, दप्तर घेऊन उभी होती आणि तिच्या परकराला धरून धाकटी. "हिलेबी पाठवा," निता म्हणाली. रंगूबाई हसली होती. "तिले कुठी सहा झाले, मॅडम? दिवाळीच्या पाडव्याले सहा होतीन." उकंडराव म्हणाला होता, "नेऊ द्या नं. माय वावरात मोकळी होईन." शाळेत आणल्यावर निताने जुनी पद्धत करून पाहिली, उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायचा. सहा वर्षांच्या मुलाचा हात पोचतो. राखीची बोटं कानाच्या वर केसांतच थांबली. ती बोटं फार मऊ होती, त्यांना गुळाचा वास होता. निताने तिचं कोपर धरून हलकेच दाबलं, मान जराशी कलती केली, आणि बोटं कानाला लागली. "पोचला," ती म्हणाली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी ती मोठ्याने म्हणाली. मग दाखल रजिस्टर उघडलं, पालकाच्या प्रतिज्ञापत्रावर स्वतःच्या अक्षरात दहा जून दोन हजार नऊ लिहिलं, उकंडरावचा अंगठा घेतला, आणि तीच तारीख रजिस्टरात उतरवली. विसावं नाव. शाळा राहिली. नितासुद्धा राहिली, आणखी चार वर्षं.

हे सगळं तिने पुढे स्वतःला वेगळं सांगितलं होतं. एका गरीब पोरीला शाळेत ओढून आणलं, असं. सत्काराच्या भाषणातही एकदा सांगितलं होतं, नाव न घेता. आज घरी येऊन ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि हात धूत राहिली, मेथीचा हिरवा डाग नखात बसला होता तो काढत. भागवतराव, तिचे पती, तलाठी म्हणून निवृत्त झालेले, बाहेरून म्हणाले, "किती पाणी सोडून राह्यली?" जेवताना तिने सांगितलं. भागवतरावांनी घास खाली ठेवला. ते कागदांत वाढलेले गृहस्थ होते, त्यांना काही समजावून सांगावं लागत नव्हतं. "तुले समन्स आलं काय?"

"नाही अजून."

"आलं तर आठवत नाही म्हणायचं. खोटं नाही ते. दहा वर्षं झाली. रजिस्टरात जे लिहिलं ते बरोबर असेल, एवढंच बोल अन् ये घरी." मग हळू आवाजात, "चार महिन्यांनी निवृत्ती आहे तुही. चौकशी लागली तर म्हातारपणी हेलपाटे खाशील जिल्हा परिषदेत. मी पाहिले नाहीत काय लोक?"

"अहो, ती पोरगी पंधराची होती."

"अन् तो मेलेला? त्याचं वय कोणी इचारून राह्यलं?" भागवतराव काही दुष्ट नव्हते. ते तिला वाचवू पाहत होते, आणि तसं करताना ते नेमकं तेच बोलले जे तिच्या स्वतःच्या मनात बाजारापासून घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिने कपाटातून चालू वर्षाचं दाखल रजिस्टर काढलं. पहिलीच्या वर्गातली पंधरा मुलं जूनच्या पहिल्या दहा दिवसांत जन्मलेली होती. या तारखा तिने लिहिल्या नव्हत्या, तिच्या हाताखालच्या शिक्षकांनी लिहिल्या होत्या, पण त्यांनी ही सवय कोणाकडून उचलली होती? ती बोट फिरवत खाली आली. एक जून, पाच जून, दहा जून. बाहेर मुलं पाढे म्हणत होती, एका सुरात, आणि त्या सुरातला प्रत्येक आवाज तिला खोट्या तारखेचा वाटू लागला. एका पोरीची वेणी घट्ट करून देताना तिने नकळत तिचा कान पाहिला. मधल्या सुट्टीत मोटारसायकलवरून एक तरुण वकील आला. काळा कोट सीटवर घडी घालून ठेवलेला. प्रेमसिंग, विधी सेवा प्राधिकरणाकडून राखीला मिळालेला वकील. त्याने पाणी मागितलं, पूर्ण ग्लास संपवला, आणि राखीच्या दाखल-नोंदीची झेरॉक्स टेबलावर ठेवली. त्यावरचा नऊ निताच्याच अक्षरातला होता, खाली शेपटी लांबवलेला.

"मॅडम, मी सरळ बोलतो," तो म्हणाला. "दोन हजार पंधरापर्यंत अठराच्या आतलं लेकरू म्हणजे लेकरूच होतं, गुन्हा कोणताही असो. मग दिल्लीतलं ते प्रकरण झालं, लोक रस्त्यावर आले, कायदा बदलला. आता सोळा ते अठरामधलं पोर असेल अन् गुन्हा खुनासारखा असेल, तर बाल न्याय मंडळ पाहतं की त्याला कळत होतं का. कळत होतं असं ठरलं तर मोठ्यांसारखा खटला चालवायला पाठवता येतं. तिथं जन्मठेपही होऊ शकते. सोळाच्या आत असेल तर हा प्रश्नच निघत नाही. जास्तीत जास्त तीन वर्षं, तेही मुलींच्या गृहात."

"मग तपासू द्या ना मंडळाला. तिला काय कळणार, एवढीशी..."

प्रेमसिंगने मान हलवली. "तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, मॅडम. मले ठाऊक होतं काय होईन ते. मी तिला म्हटलं, असं बोलू नको. ती म्हणते, मंग खोटं बोलू का? रजिस्टरप्रमाणे त्या दिवशी ती सोळा वर्षं अन् दीड महिन्याची होती. दहावीच्या सर्टिफिकेटवरही तीच तारीख. कायद्यात पहिला मान शाळेच्या कागदाला. जन्म घरी झालेला, नोंद नाही. अंगणवाडीचं वजनाचं रजिस्टर शोधलं मी, वाळवी लागलेलं. तिच्या नावापुढं ऑक्टोबर वाचता येतो, साल खाल्लेलं आहे. त्या ऑक्टोबरला तुमच्याशिवाय काही अर्थ नाही."

"कायदा नेमका कधी बदलला?" निताने विचारलं. आपण हे का विचारतोय ते तिला कळलं नाही.

"पंधराच्या डिसेंबरात संसदेत मंजूर झाला. लागू जानेवारी सोळापासून."

म्हणजे सहा महिन्यांनी. तिने ते कोपर दाबलं तेव्हा सोळा या आकड्याला काही अर्थच नव्हता. तो नुसता सतराच्या आधीचा आकडा होता. तिने एका पोरीला चार महिने पुढे सरकवलं होतं आणि नंतर कोणीतरी दूर बसून तिथेच, बरोबर त्या चार महिन्यांच्या मधोमध, रेघ मारली होती. क्षणभर तिला त्यात सुटका दिसली. मी काय केलं? मी तर रेघ मारली नाही. पण ती सुटका टिकली नाही. वकील गेल्यावर वर्गात फळ्यावर बेरीज लिहिताना खडू मोडला आणि तिच्या मनात आलं की रेघ नसती तरी कोपर दाबलंच होतं. आणि लगेच दुसरं आलं, त्याहून वाईट. समजा पोरीला खरंच कळत होतं. समजा दुसरा घाव तिने नीट विचार करून घातला. मग मी कोणाला वाचवायला निघाले आहे, आणि कोणासाठी, तिच्यासाठी की माझ्यासाठी? चार महिन्यांत माणसाच्या डोक्यात असं काय उगवतं जे आधी नव्हतं?

समन्स नोव्हेंबरात आलं. मंडळाची खोली कोर्टासारखी नव्हती, एखाद्या ऑफिससारखी होती. एक लांब टेबल, त्यामागे तरुण न्यायदंडाधिकारी साध्या कपड्यात, बाजूला दोन सदस्य, एक बाई आणि एक निवृत्त प्राध्यापक. भिंतीवर फुलपाखरांचं चित्र. पोलीस बाईसुद्धा पंजाबी ड्रेसमध्ये. राखी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, उंच, हाडकुळी, वेणी घट्ट घातलेली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. निता त्या चेहऱ्यात परकराला धरलेली पोर शोधत राहिली. सापडली नाही. राखीने तिच्याकडे एकदा पाहिलं. पर्यवेक्षकांनी पेपर वाटायच्या आधी मुलं जशी पाहतात, तसं.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं, "ही तारीख कशावरून लिहिली होती?" बाहेर बाकावर भागवतराव बसले होते, तिची पर्स मांडीवर घेऊन. निघताना त्यांनी तिचा चष्मा पुसून दिला होता. आठवत नाही. दोन शब्द. ते तिच्या जिभेवर आलेही होते, त्यांची चव तिला कळत होती, मऊ, झोपेसारखी. "कशावरूनच नाही," ती म्हणाली. "मी मनाने लिहिली." खोलीत पंखा फिरत होता. मग तिने सगळं सांगितलं, पाडवा, डोक्यावरून घेतलेला हात, कोपर, अंगठा. बोलताना तिचा आवाज शिकवताना असतो तसा सपाट आणि स्पष्ट येत होता, याचंच तिला भय वाटलं.

सरकारी वकील बाई उठल्या. "म्हणजे तेव्हा तुम्ही शासकीय रजिस्टरात खोटं लिहिलंत. आज खरं बोलताय हे आम्ही कशावरून मानायचं? विद्यार्थिनीची दया आली म्हणून आज नवी तारीख सांगताय, असं का म्हणू नये?"

"तेव्हा मला फायदा होता," निता म्हणाली. "आज नाही."

"फायदा? मुलीला शिक्षण मिळावं हा?"

इथे थांबता आलं असतं. प्रेमसिंग तिच्याकडे टक लावून पाहत होता, त्याला एवढंच पुरेसं होतं. "नाही," ती म्हणाली. "पट एकोणीस होता. विसावं नाव पाहिजे होतं, नाही तर माझी बदली झाली असती. माझी मुलगी दहावीत होती. मी माझ्या मुलीसाठी हिचं वय वाढवलं. शिक्षणाचं मी नंतर स्वतःला सांगितलं." सदस्य बाईंनी लिहायचं थांबवून वर पाहिलं. निताला वाटलं आता हलकं वाटेल. वाटलं नाही. उलट, इतकी वर्षं अंगावर नीट बसलेलं काहीतरी सर्वांसमोर उतरवल्यासारखी थंडी वाजली. ती बाहेर आली तेव्हा भागवतरावांनी तिचा चेहरा पाहिला आणि पर्स पुढे केली. "बोललीस," ते म्हणाले, आणि तिच्यासाठी चहा आणायला गेले.

निर्णयाच्या दिवशी, डिसेंबरात, तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती रजा टाकून गेली. बाकावर एक म्हातारी आधीच बसली होती, डोक्यावर पदर, हातात औषधाची चिठ्ठी असावी तशी घडी घातलेला कागद. "तुमी मास्तरीनबाई नं?" म्हातारी म्हणाली. "मी गोजराबाई. मंगरूळपीरहून आली. दिनेशची माय. संस्कृतीची सासू." निताचे पाय उठून जायला निघाले आणि गेले नाहीत. गोजराबाई तिच्याकडे न पाहता बोलत होती. "वकिलानं सांगतलं मले, तुमी काय बोलल्या ते. खरं बोलल्या काय?"

"हो."

"देवाची आन?"

"हो, बाई. देवाशपथ."

गोजराबाईने बराच वेळ मान हलवली. "तो मारे सुनीले. मले ठाऊक होतं. मी म्हने, नको मारू रे. यापरीस जास्त नाई म्हटलं मी कधी." तिने कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "पर पोरगी पंधराची असो का सोळाची, मले तं त्याचं मढं अख्खंच न्या लागलं नं घरी." निता तिच्या शेजारी बसून राहिली. दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा होती. कोणीतरी येऊन तिथे बसावं असं निताला वाटत होतं. कोणी आलं नाही.

मंडळाने वाळवीच्या रजिस्टरातला ऑक्टोबर आणि निताचा जबाब एकत्र धरून राखीचं वय घटनेच्या दिवशी सोळाच्या आत ठरवलं. प्रेमसिंग घाईने बाहेर येऊन तेवढंच सांगून गेला. आता राखीची चौकशी मंडळापुढेच चालणार होती, मोठ्यांच्या कोर्टात नाही. निताच्या जबाबाची एक प्रत जिल्हा परिषदेकडे पाठवायचा आदेशही त्यातच होता. पुढे तिला नोटीस आली, निवृत्तीच्या आठ दिवस आधी, आणि तिने खुलाशात एकच ओळ लिहिली, आरोप मान्य आहे. आत्ता रंगूबाई जिन्यापाशी भिंतीला टेकून रडत होती. संस्कृती तिच्याजवळ उभी होती, कपाळ मोकळं, आणि ती बाकाकडे, म्हणजे आपल्या सासूकडे, पाहत होती. मग दार उघडलं आणि पोलीस बाईबरोबर राखी बाहेर आली. गोजराबाईसमोरून जाताना ती थबकली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. राखीनेच आधी नजर खाली घातली. निता उठली. कशासाठी उठली ते तिला माहीत नव्हतं. माफी मागायला, की आभार ऐकायला. नंतर कितीदा तरी तिने स्वतःला हे विचारलं.

"मॅडम," राखी म्हणाली. तिचा आवाज जाडसर होता, बाईचा. "मंग मी खरी किती वर्षाची हाओ?"

"त्या दिवशी पंधरा वर्षं नऊ महिने होतीस."

"आन आज?"

निताने मनात मोजलं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. पाडवा त्या मुलींच्या गृहातच गेला असणार, कोणाच्या लक्षातही न येता. "आज सोळा पूर्ण झाली तुला. दोन महिने होत आले."

राखीने हे ऐकून घेतलं. तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली, गणित अडलं की पोरींच्या उमटते तशी. चिडलेली नव्हती ती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "माह्या डोक्यात तं काहीच नाई बदललं, मॅडम. तवा जेवढं कळत होतं तेवढंच आता कळते. मंग हेच आज झालं असतं तं?"

पोलीस बाई म्हणाली, "चल गं, गाडी उभी आहे." पण ती लगेच ओढायला लागली नाही, तीही थांबली, जणू तिलाही उत्तर हवं होतं. तेहतीस वर्षं निता मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत आली होती. येत नसलं तरी काहीतरी द्यायची. वर्गाची शिस्त राहावी म्हणून, आपला मान राहावा म्हणून. आत्ताही तिच्या तोंडात शब्द जुळायला लागले होते, कायदा, नियम, बाळ तू अजून लहान. तिने ते गिळले. राखी वाट पाहत होती. बाकावर गोजराबाईही मान वर करून पाहत होती.

"मला माहीत नाही, राखी," निता म्हणाली.

राखीने मान डोलावली, एवढ्याने तिचं भागल्यासारखी, आणि जिना उतरू लागली.